दोन बोटं आखूड

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली मास्तरबाई म्हणते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरबाई. कोपऱ्यावर त्यांचं दुकान. सासरे गेल्यावर त्यांनी ते एकटीने चालवलं, मुलाला वाढवलं आणि रीतसर माझ्या गळ्यात बांधलं. बाई कर्तबगार. थापा मारण्यातही तितक्याच कर्तबगार आहेत, हे मात्र मला यंदा कळलं.

सुरुवात चालण्यापासून झाली. पूर्वी त्या नाकासमोर बघून दुकानात जायच्या आणि तशाच परत यायच्या. एकाएकी मनमिळाऊ झाल्या. विजेच्या खांबाला हात टेकून वाण्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायची. उभ्या स्कूटरच्या सीटवर तळवा ठेवून "नवीन घेतली का?" असं विचारायचं. ती स्कूटर माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. रस्ता ओलांडायचा असला की शाळा सुटायची वाट बघायच्या आणि दोन मुलांचे हात धरून पलीकडे जायच्या. पोरांना किती जपतात, म्हणून गल्लीत कौतुक झालं. पोरंच त्यांना पलीकडे नेत होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या जिन्यात भिंत चाचपत उतरायच्या आणि म्हणायच्या, रंग उडत चाललाय.

मग लोकांचे कपडे आखूड व्हायला लागले.

पहिली तक्रार निवृत्त पोस्टमास्तरांची. नवी पँट घोट्याच्या वर आली होती आणि मोजे दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, तुमचे मोजे छान असतात, दिसू देत की. पोस्टमास्तर खूश होऊन घरी गेले. दूधवाल्याच्या आईने झगा दिला होता तो उसवलेल्या बाहीसाठी. बाही शिवून आली आणि खालून दोन बोटं कापड नाहीसं झालं. माझ्या नव्या ड्रेसचंही तेच. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पाण्यात आटला असेल." तो अजून धुतलाही नव्हता.

हे कोडं सोडवलं गाण्याच्या बाईंनी. मागच्या गल्लीत त्या मुलींना गाणं शिकवतात. केस काळेभोर, मान ताठ, आणि त्यांच्या वयाचा विषय त्यांच्यासमोर कुणी काढत नाही. कार्यक्रमासाठी त्यांनी पायघोळ ड्रेस शिवायला टाकला होता. तो हातात घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द सुटा केला. त्यांच्या शिष्येचा ड्रेस त्याच कापडाचा, त्याच दिवशी शिवलेला, तो जमिनीला टेकतो. दूधवाल्याच्या आईचा झगा आखूड, तिच्या सुनेचा नाही. पोस्टमास्तरांची पँट आखूड, त्यांच्या मुलाची नाही.

"म्हणजे मास्तरबाईंच्या हिशेबी जे जे म्हातारे, त्यांच्यावर कात्री चाललीय," त्या म्हणाल्या आणि माझ्या घोट्यांकडे बघितलं.

मी नेमका तोच ड्रेस घातला होता. माझी अजून पन्नाशीही उलटलेली नाही. मला असा काही राग आला की विचारू नका.

माझा नवरा जेवत होता. एरवी त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते, पण त्या दिवशी त्याने ताट बाजूला सारलं आणि हळूच विचारलं, "आई, तू कधी पडलीस?"

सासूबाईंनी आधी कानावर हात ठेवले. मग कापड काढण्याचं निमित्त झालं, स्वतःच्याच झग्यात पाय अडकला, असं करत करत सगळं बाहेर आलं. दुकानात एकट्याच होत्या. मशीन आणि कपाटाच्या मध्ये पडल्या, बराच वेळ तिथेच होत्या, मग मशीनला धरून उठल्या आणि कपडे झटकून कामाला लागल्या. मोडलं काहीच नव्हतं. पण तेव्हापासून लांब कपडा दिसला की त्यांना त्यात अडकलेला पाय दिसायचा आणि खडूची खूण आपोआप वर सरकायची. विचारून तरी कापायचं, असं मी म्हटलं, तर त्यांनी मला विचारलं, तू हो म्हणाली असतीस का?

नवऱ्याने खिळ्यावरची दुकानाची किल्ली काढून खिशात टाकली. उद्यापासून दुकान बंद. आता वीज कडाडणार म्हणून मी आणि गाण्याच्या बाई दोघी अंग चोरून उभ्या राहिलो. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या.

नवऱ्याने न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. हे चांगलंच केलं. पण पाणी हवं, तू उठू नकोस. चष्मा हवा, तू उठू नकोस. आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडणारी बाई न्हाणीघरात जायला परवानगी मागायला लागली. काही आठवड्यांत त्यांना खुर्चीतून एका दमात उठता येईना. नवरा म्हणाला, बघ, दुकान बंद केलं ते किती बरं झालं. माझे हात शिवशिवत होते. तो वाईट नाही. तोही घाबरलाच होता, फक्त त्याच्या भीतीच्या खिशात किल्ली होती.

मग एका सकाळी गाण्याच्या बाई पुन्हा आल्या. कार्यक्रम तोंडावर आला होता आणि ड्रेस लांब करून हवा होता. सासूबाई म्हणाल्या, कापलेलं नाही, कापड आत दुमडून ठेवलंय, कुणीही उसवून देईल. बाई म्हणाल्या, ज्याने आखूड केलाय त्यानेच लांब करायचा, चला दुकानात.

सासूबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "मला जिन्याची भीती वाटते."

इतक्या वर्षांत भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. गाण्याच्या बाईंनी दार लोटून घेतलं आणि त्या शेजारी बसल्या.

"मला स्टेजच्या पायऱ्यांची वाटते," त्या म्हणाल्या. "पडदा उघडायच्या आधी मला धरून नेऊन बसवतात आणि पडदा पडला की उचलतात. लोकांना वाटतं, बाई बैठक मोडत नाहीत."

सासूबाईंना हसू फुटलं. "मग पायघोळ कशाला हवा?"

"पाय लटपटतात ते झाकायला."

दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पडण्याची भीती होतीच गं. पण तुम्हाला कळण्याची जास्त होती. कळलं की तुम्ही मला बसवून ठेवणार, हे मला ठाऊक होतं. आणि ठेवलंतच."

मी आत गेले आणि नवऱ्याच्या दुसऱ्या पँटच्या खिशातून किल्ली काढून आणली.

जिना उतरायला आम्हाला युगं लागली. एक हात कठड्याला, दुसरा एकमेकींना. मी पुढे उलटी उतरत होते. प्रत्येक पायरीवर दोघीही एकमेकींना, सांभाळा हं, असं बजावत होत्या. खाली पोस्टमास्तर भेटले. गाण्याच्या बाई त्यांना म्हणाल्या, मी धरलं म्हणून या उतरल्या. सासूबाईही त्याच वेळी नेमकं तेच म्हणाल्या.

दुकानाच्या पायरीवर घात झाला. सासूबाईंचा पाय पुरता उचलला गेला नाही आणि त्या खाली घसरल्या. मी दंडाला धरलं, म्हणून आपटल्या नाहीत, पण फतकल मारून बसल्याच. हात सोडायचा नाही असं ठरलेलं असल्यामुळे गाण्याच्या बाईही शेजारी बसल्या. माझा जीव उडाला. मी मनगट दाबून बघितलं, गुडघे हलवून बघितले, दुखतंय का म्हणून दहादा विचारलं. दोघींनाही खरचटलंसुद्धा नव्हतं. सासूबाईंनी वर बघितलं. त्या डोळ्यांत दुखणं नव्हतं, धाक होता.

"त्याला सांगणार?"

मी एकेकीला उठवलं आणि दुकान उघडलं.

संध्याकाळी नवरा घरी आला, खुर्ची रिकामी बघितली आणि धावत दुकानात पोचला. आई मशीनवर होती, पायाखाली पायडल भरधाव चाललं होतं. तो दारातच धापा टाकत उभा राहिला. आईला विचारायचा त्याला धीर होईना, म्हणून त्याने मला विचारलं, "पडली-बिडली नाही ना?"

पायडल थांबलं.

"नाही," मी म्हटलं. "पडतील कशाला?"

मशीन पुन्हा सुरू झालं.