भिर्रर्रच्या आधीची शांतता

गाण्याला शेवटचा हात लावायचं माझं काम. कुणी गातं, कुणी वाजवतं, कुणी ते सगळे आवाज जुळवतं आणि मग गाणं माझ्याकडे येतं. मोबाइलवर, गाडीत, कर्ण्यावर, सगळीकडे ते नीट ऐकू यावं एवढं मी बघते. याला मास्टरिंग म्हणतात. पुण्यात बरीच वर्षं हेच केलं. मग घोडेगावात घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि इथे सुरू केलं. इथे कोण येणार, असं नातेवाइकांनी विचारलं. बैलगाडावाले आले. शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावाच्या पट्टीवर, धावणाऱ्या बैलांवर आमच्याकडे गाणी निघतात, आणि जत्रांच्या हंगामात माझं घर त्यांच्यावरच चालतं.

आणे पठारावरचे एक गाडामालक गाणं घेऊन आले. त्यात एक जागा फार चांगली होती. हलगी थांबते, घाटात बैल जुंपताना पसरते तशी शांतता, नुसतं बैलांचं फुरफुरणं, आणि मग गाडा सुटताना उठते ती 'भिर्रर्र'ची आरोळी. ती शांतता मी जपली. आरोळी अंगावर आली पाहिजे.

मालक नेमके तिथेच अडले.

"ताई, हितं गाणं बंद पडल्यागत वाटतंय."

"बंद नाही पडलं. बैल जुंपतायत."

"ट्रॅक्टरवर वाजवायचंय. समोर दुसऱ्याचा डीजे आसतोय. आपला आवाज पडला की लोक हसत्यात. सगळं एका लेव्हलला घ्या."

"मग आरोळी आणि खोकला सारखाच ऐकू येईल."

सोबत आलेले त्यांचे मेहुणे हसले. मालक नाही हसले.

"बाईमाणसाला घाटातलं काय कळायचं? तुमी कधी आला व्हता का?"

"दर हंगामात येते. जुंपतात तिथेच उभी राहते. तिथे कुणी बोलत नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"आमचं ऐकायचं नसंल तर पठारावरचं एकबी गाणं हिकडं यायचं न्हाई."

"नका आणू. चहा घेऊन जा."

चहा न घेता गेले. गाणं त्यांनी शहरात दुसऱ्याकडून करून घेतलं. जत्रेत ते ट्रॅक्टरवर दणक्यात वाजलं, पोरं नाचली, कुणी हसलं नाही. हेही सांगायला हवं. आरोळी मात्र कधी आली नि कधी गेली ते मला कळलं नाही, आणि मी तिचीच वाट बघत उभी होते.

मालकांनी शब्द पाळला. त्या हंगामात पठारावरून काहीच आलं नाही, आणि माझी बहुतेक गाणी तिथूनच यायची. मी शाळांच्या स्नेहसंमेलनांचे आणि लग्नांच्या व्हिडिओंचे आवाज साफ करत बसले. मालकांना एक फोन केलास तर काय बिघडतं, असं घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलं. फोन केला असता तर पुढच्या प्रत्येक गाण्यात मला हलगी सपाट करावी लागली असती. ते काम कोणतंही मशीन करतं, त्याला मी कशाला हवी? नाही केला.

यंदा डिंभ्याकडच्या एका मालकाचं गाणं आलं. त्यातही आरोळीच्या आधी तशीच जागा. निरोप होता, लई मोठं करा, आवाज कुठं खाली पडू देऊ नका. आरोळी मोठी केली. तिच्या आधीची शांतता होती तेवढीच ठेवली. फाईल आज सकाळीच पाठवून दिली.