तपासले, बरोबर आहे

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०१४. सकाळचे साडेअकरा. ठिकाण मस्कत, अल् खुवैर, बापूकाकांचा फ्लॅट. हजर सात जण: नाटकातले चार, बापूकाका, त्यांच्या पत्नी आणि मी. नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या तीनशे प्रती छापायच्या होत्या. छपाई बत्तीस रियाल. छापखान्यातून आलेला नमुना बापूकाकांनी माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "तुमच्या नजरेखालून गेलं की मी निर्धास्त."

मी रुसैलला पाइपच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो. माझी सही झाल्याशिवाय तिथून एक पाइप बाहेर जात नाही. तोवर सदोष माल माझ्या सहीने गेला नव्हता. मी चष्मा लावला.

नायिकेच्या भूमिकेपुढे माझ्या बायकोचं नाव होतं, माधवी. पुढे तिचं माहेरचं आडनाव. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. पासपोर्टवर माझं आडनाव, रेसिडेंट कार्डावर माझं आडनाव. पत्रिकेत मात्र तिचं लग्नच झालेलं नव्हतं.

मी वर पाहिलं. बापूकाका त्याचीच वाट बघत असावेत.

"पुण्यात त्यांचं काम त्याच नावाने गाजलं होतं ना? आणि कसंय, आपले प्रायोजक जरा जुन्या वळणाचे. उगाच आडनावावरून कुजबुज नको. तुम्ही समजूतदार आहात."

शिरीष आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सचिव. नाटकातला नायकही तोच. तो म्हणाला, "तुमचं नाव विशेष साहाय्यमध्ये घेतलंय बरं का. नुसतं नाव. आडनाव बसेना ओळीत."

दोघं-तिघं हसले. मी ओळ मोजली. अजून अकरा अक्षरं मावली असती. माझं आडनाव चार अक्षरांचं. त्या चार अक्षरांवरून आमची वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला, ते महाराष्ट्रात कुणालाही कळतं.

मी काय केलं ते लिहितो. हॉलच्या पत्त्यात रस्त्याचा नंबर चुकला होता, तो दुरुस्त केला. एका प्रायोजकाचं नाव दोनदा आलं होतं, एक खोडलं. खाली लिहिलं: तपासले, बरोबर आहे. सही केली, तारीख टाकली. मग चहा प्यालो. चहा छान झालाय, असंही म्हणालो.

नाटक बापूकाकांनी स्वतः लिहिलं होतं. बर्लिनमधला एक नट आणि त्याची ज्यू बायको. नाझी राजवटीत रंगमंचावर उभं राहायचं तर सरकारी कलामंडळाचं सभासद असावं लागे. चित्रकार, वादक, नट, सगळ्यांना. त्यासाठी आजी-आजोबांपर्यंतचं रक्त कागदावर दाखवायचं. आपलंही आणि बायकोचंही. बायको ज्यू निघाली की दोनच वाटा, काडीमोड नाहीतर रंगभूमी बंद. पहिल्या वाचनाला बापूकाकांनी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. "आजी-आजोबांपर्यंत हो," असं ते दोनदा म्हणाले.

तिसऱ्या प्रवेशात सरकारी अधिकारी नटाच्या घरी येतो. तो ओरडत नाही, धमकी देत नाही. म्हणतो, "माझं वैयक्तिक काही नाही. मला फक्त रंगभूमीचं भलं बघायचंय." नट कागदावर सही करतो. बायको काही न बोलता टिपकागद पुढे सरकवते, शाई फासू नये म्हणून. ते काम माधवी असं करायची की तालमीत पंखासुद्धा मोठ्याने फिरतोय असं वाटायचं.

तिकडे माणसं मारली. माझ्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. दोन्ही एकाच तागडीत घालायला मला संकोच वाटतो. पण तो फॉर्म माझ्या ओळखीचा होता.

आमच्या मंडळाचा सभासदत्वाचा फॉर्म: नाव, मूळ गाव, आजोळ, कुलदैवत. कशासाठी, तर गणपतीत गाऱ्हाणं घालताना लागतं. पहिल्या वर्षी मी कुलदैवताच्या रकान्यात माधवीच्या माहेरचं दैवत लिहिलं. मी बौद्ध. माझ्या वडिलांनी घरातले देव काढले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. शिरीषने सगळ्यांसमोर फॉर्म वाचून विचारलं होतं, "हे तुमचं? कधीपासून?" हशा झाला. मीही हसलो. पुढे आठ वर्षं मी तेच लिहीत होतो. तेव्हा पत्रिकेतल्या खाडाखोडीचा पहिला हात माझाच.

त्या शुक्रवारी माधवीचा घसा बसला होता म्हणून ती तालमीला आली नव्हती. नमुन्याची दुसरी प्रत मी घरी आणली. ती मला लपवता आली असती. मी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो. हात धुवायला मला बराच वेळ लागला.

बाहेर आलो तर ती उभ्याने वाचत होती. आधी आपलं नाव, मग माझं, मग खालची ओळ.

"ही तुझी सही आहे?"

मी हो म्हटलं. प्रायोजकांचं सांगितलं. तुझी भूमिका जायला नको, अठरा वर्षांनी तू उभी राहतेयस, असंही सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण सही करताना माझ्या मनात ती नव्हती. त्या खोलीतली माझी खुर्ची होती.

माधवी चढ्या आवाजात बोलली नाही. घसा बसलेलाच होता.

"नाटकातला नवरा निदान भीतीने सही करतो. तुला कुणी कसली भीती घातली होती?"

मी शोधून पाहिलं. कुणी घातली नव्हती. नोकरी जाणार नव्हती, व्हिसा जाणार नव्हता. "तुम्ही समजूतदार आहात" एवढ्यावर मी बायकोला कागदावरून परत माहेरी पाठवली होती. याच लग्नासाठी तिच्या वडिलांनी तिचं तोंड बघितलं नव्हतं. ते गेले हे माहेरच्या शेजाऱ्यांनी फोनवर कळवलं, तेव्हा ती फोनवरच रडली होती. तिने त्या आडनावाचं घर सोडलं होतं, आणि मी ते तिला फुकटात परत चिकटवलं.

शनिवारी सकाळी मी बापूकाकांना फोन केला. ते म्हणाले, कागद हमरियाला छापखान्यात गेला, छापून झाला, आता खलास.

रविवारी संध्याकाळी सात वाजता तालीम होती. आम्ही दोघं गेलो. सगळे बसायच्या आत मी बोललो, कारण बसलो असतो तर उठलो नसतो.

"बापूकाका, पत्रिकेत चूक आहे. माधवीचं आडनाव चुकलंय आणि माझं राहिलंय. दोन्ही छापा."

"अहो, सही तुमची आहे."

"आहे. चुकीच्या मालावर केली. परत घेतो."

त्यांनी मला खांद्याला धरून गॅलरीत न्यायला पाहिलं. मी हललो नाही. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. प्रयोगाला बारा दिवस राहिलेत. तुम्हाला आम्ही कधी परकं मानलं का? "माझं स्वतःचं काही नाही हो. मला फक्त प्रयोगाचं बघायचंय."

माधवी म्हणाली, "काका, हे वाक्य तुमच्या अधिकाऱ्याचं आहे. तिसरा प्रवेश."

शिरीष मोबाइल बघत राहिला. शेवटी बापूकाका म्हणाले की पत्रिका बदलणार नाही, ठरवायचं ते तुम्ही ठरवा. माधवीने भूमिकेची करडी शाल खांद्यावरून काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. एकेचाळीस तालमी झाल्या होत्या. सही मी केली, शाल तिने उतरवली. हे मी विसरणार नाही, आणि कुणी विसर म्हटलं तरी ऐकणार नाही.

प्रयोग अठ्ठावीस तारखेला झाला. भूमिका दुसऱ्या एकीने केली. तिसऱ्या प्रवेशाला लोक रडले म्हणे.

डिसेंबरात मंडळाचा नवा फॉर्म आला, तो मी भरून पाठवला. माधवीचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव. मूळ गावापुढे वस्तीसकट गाव. कुलदैवत: नाही, आम्ही बौद्ध. उत्तर आलं नाही. मी दर डिसेंबरला हाच फॉर्म पाठवणार आहे. त्यांना नाही म्हणायचं असेल तर ते लिहून द्यावं लागेल, आणि खाली सही करावी लागेल.

नायिका बदलल्यामुळे पत्रिका पुन्हा छापावी लागली होती. शिरीषने निरोप पाठवला: आधीच्या नमुन्यावर सही तुमची, तेव्हा त्या वाया गेलेल्या छपाईच्या पैशांचं तुम्हीच बघा. मी वाद घातला नाही. तेवढं एक त्याचं बरोबर होतं. मंडळाच्या हातात पैसे दिले नाहीत, थेट हमरियाला गेलो. छापखानेवाले दाऊदभाई रत्नागिरीकडचे. म्हणाले, "तुमी कशाला देताव? काम तर मंडलाचा हाय." मी म्हटलं, सही माझी होती. त्यांनी पावतीपुस्तक उघडलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं, आडनावासह, आणि त्यांनी लिहिलेलं वाचून पाहिलं. चारही अक्षरं बरोबर होती. बत्तीस रियाल दिले, रोख, दाऊदभाईंना.