घरात पहिलं पाऊल कुणाचं

साखळी लावलेले ते अर्धवट उघडे दार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. कॅनडात मिसिसागाच्या पोलीस खात्यात असताना मी कितीतरी दारे ठोठावली, काही तोडलीसुद्धा. पण एका दाराने मला बाहेरच थांबवले आणि तिथेच केस सुटली, असे एकदाच घडले. त्यातल्या कुणाचे नाव मी सांगणार नाही.

व्हिएतनामहून इथल्या कॉलेजात शिकायला आलेली एक मुलगी बेपत्ता असल्याची खबर कॉलेजने दिली. तिच्या वडिलांना एक फोटो आला होता. मुलगी खुर्चीवर, हात दोरीने बांधलेले, मागे पांढरी भिंत. सोबत खंडणीची मागणी आणि दुसऱ्या दिवसापर्यंतची मुदत. वडील शाळामास्तर होते. दुभाष्यामार्फत मी त्यांच्याशी बोललो. मुलीला परदेशी शिकायला पाठवायचा हट्ट त्यांचाच होता, आणि आता ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, शिक्षण नको, माझी पोर परत द्या. त्या फोननंतर मला खुर्चीत बसवेना.

मुलगी एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होती. सोबत तिच्याच गावची, त्याच कॉलेजातली मैत्रीण. तिला स्टेशनवर बोलावून कॅमेऱ्यासमोर जबाब घेतला. ती म्हणाली, माझी रूममेट कॅल्गरीला नातेवाइकांकडे गेली आहे. कोणते नातेवाईक? माहीत नाही. कधी येणार? तेही माहीत नाही. माझा अनुभव असा, की थापा मारणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. ही पोरगी तोलूनमापून बोलत होती आणि प्रत्येक उत्तराआधी टेबलावरच्या आपल्या फोनकडे बघत होती. ती घाबरलेली होती, पण आम्हाला नाही. फोटो मी मुद्दामच दाखवला नाही, कारण तपासात हुकमाचे पान लगेच टाकायचे नसते. अडकवून ठेवण्याजोगे हाती काही नव्हते, म्हणून तिला जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची पाहणी करायला मी आणि माझा तरुण सहकारी तिथे गेलो. बर्फ नुकताच थांबला होता. मैत्रिणीने साखळी न काढता दार किलकिले केले. अंगात नवा लाल पोशाख, डोळे रडून सुजलेले.

"आत येऊ नका," ती म्हणाली. "प्लीज. दुपारनंतर या."

सहकारी लगेच तापला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "सार्जंट, हिने आत कुणाला तरी लपवलंय. वॉरंट घेऊन येतो."

मलाही आधी तसेच वाटले. पण फटीतून आत पाहिले, तर खोली लखलखीत झाडलेली, फळांचे ताट मांडलेले, फुले, उदबत्ती. तेव्हा लक्षात आले, की आज त्यांचे नवे वर्ष. आणि ती आमच्या चेहऱ्यांकडे बघतच नव्हती. तिची नजर आमच्या बुटांवर होती.

मला एकदम माझी आई आठवली. मला बढती मिळाली तेव्हा तिने श्रेय माझ्या मेहनतीला दिले नव्हते, बायकोच्या पायगुणाला दिले होते. नव्या वर्षी घरात पहिले पाऊल शुभ माणसाचे पडावे, असे त्यांच्यातही मानतात, हे मी ऐकून होतो. मी दोन पावले मागे सरलो आणि विचारले, "आज या घरात पहिलं पाऊल कुणाचं पडायचं ठरलंय?"

"तिचं," ती म्हणाली. "तिचं जन्मवर्ष यंदा आमच्या घराला चांगलं आहे. ती येईपर्यंत मी कुणालाच आत घेणार नाही."

ही वाट बघत होती, म्हणजे मुलगी येणार होती. मग ती कुणाच्या कैदेत कशी असेल? आता मात्र मी फोटो पुढे केला. वडिलांकडे काय मागितले आहे तेही सांगितले. तो बघून तिने साखळी काढली आणि उंबऱ्यातूनच सगळे भडाभडा बोलली.

व्हिएतनामचा पोलीस अधिकारी म्हणवणाऱ्या कुणीतरी फोन केला होता. तुझे नाव एका गुन्ह्यात आले आहे, चौकशी होईपर्यंत एकटी राहा, फोनवरचा व्हिडिओ बंद करायचा नाही. हात बांधून फोटो काढ, तो कोर्टाला लागतो. इथल्या पोलिसांना कळले तर दोघींचे शिक्षण संपले, दोघी परत. नव्या वर्षाच्या दुपारी सोडू. शाळेत पहिल्या येणाऱ्या, सरकारी माणसाचा शब्द न मोडणाऱ्या या पोरी. विश्वास ठेवून बसल्या. मैत्रीणच तिला विमानतळाजवळच्या मोटेलवर पोहोचवून आली होती.

आम्ही तिला गाडीत घेतले आणि सायरन लावून निघालो. वाटेत मी देवाचे नाव घेत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मोटेलच्या खोलीचे दार ठोठावून मी ओळख सांगितली. आतून बारीक आवाज आला, "पोलीस माझ्याशी फोनवर आहेत. तुम्ही कोण?"

दारातल्या भिंगासमोर मी बिल्ला धरला. आतून फोनवरच्या माणसाचा दरडावणारा आवाज ऐकू येत होता. व्हिडिओत गणवेश तर त्याच्याही अंगावर होता, मग तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा? तेवढ्यात मैत्रीण पुढे झाली आणि दाराला तोंड लावून त्यांच्या भाषेत काही बोलली. अर्थ तिने नंतर सांगितला, "सकाळपासून पोलिसांनाही आत घेतलं नाही. तू आल्याशिवाय आपलं वर्ष सुरू होत नाहीये."

कडी निघाली.

तिथूनच वडिलांना फोन लावला, तेव्हा ते पैसे पाठवायच्या बेतातच होते. लेकीचा आवाज ऐकून ते ढसाढसा रडले आणि लगेच म्हणाले, पहिल्या विमानाने परत ये. घरी पोहोचल्यावर बोलते, म्हणून तिने फोन ठेवला. आम्ही दोघींना घरी सोडले. सुटून आलेली मुलगी आधी आत गेली आणि तोवर आम्ही बाकीचे बर्फात उभे राहिलो. वॉरंट मागणारा माझा सहकारीही मुकाट उभा होता. आत पोहोचल्यावर तिने वडिलांना पुन्हा फोन लावला. काय म्हणाली, ते मी तिलाच विचारले. म्हणाली, "बाबा, घरात पहिलं पाऊल माझंच पडलं. आता मला शिकू द्या."

ते भामटे दूरच्या कुठल्या तरी देशात होते, हाती लागले नाहीत. ती सल आहे. पण एक गोष्ट मी शिकलो. दार न उघडणारा प्रत्येक माणूस काही लपवत नसतो, कधी कधी तो काही जपत असतो. नंतर मी परदेशी विद्यार्थ्यांना बजावत फिरलो, की फोनवर कुणाला जन्मवर्षसुद्धा सांगायचे नाही.

मी निवृत्त झालो त्याच हिवाळ्यात त्या मुलीचा फोन आला. शेवटच्या सेमिस्टरला होती. "सर, तुमचं जन्मवर्ष कोणतं?"

मी तिला चांगलेच फैलावर घेतले. ती हसत सुटली. म्हणाली, यंदा पहिल्या पावलासाठी माणूस हवाय, वर्ष जुळतंय का बघायचंय.

जुळले. बायको म्हणाली, "अहो, जन्मभर लोक तुम्हाला दारात बघून घाबरले. आज कुणी बोलावतंय तर जा. ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल करते."

दार सताड उघडे होते. दोघी आत बाजूला उभ्या होत्या. मी बूट झटकले, घसा खाकरला आणि उजवा पाय आधी टाकला.