कोरी नळी हिरवी का झाली

बोकडाच्या मांसातून काढलेलं एक मोटर प्रथिन आम्ही आदिलाबादच्या कॉलेजात तपासत होतो. स्नायू आखडतो तो याच्या जोरावर. ते पेशीतलं इंधन फोडतं आणि फॉस्फेट सुटतं. वरून पिवळं रसायन टाकलं की फॉस्फेट असलेली नळी हिरवी होते. जितकी लवकर हिरवी, तितकं प्रथिन कामाचं. एक नळी मात्र प्रथिनाशिवाय, कोरी ठेवायची. ती पिवळीच राहायला हवी.

त्या आठवड्यात तीही हिरवी होत होती. तिसऱ्यांदा झाली तेव्हा सर नळ्या धुणाऱ्या मावशींवर घसरले. "साबण राहतो आहे. साबणातही फॉस्फेट असतं. एक तारखेपासून दुसरी बाई बघतो."

मावशी कंत्राटी. बघतो म्हणजे बघणारच. आमच्या घरी पाठ्यपुस्तकांहून चळवळीची पत्रकं जास्त वाचली गेली. चूक कुणाची ते सापडेना की ती सगळ्यांत खालच्या हातावर ढकलतात, हे मला सातवीतच पाठ होतं. मी उसळून म्हणाले, "मावशी, मी पत्रक लिहिते. गेटवर वाटू."

"लिवशीन मंग. आधी माह्या धुतलेल्या नळीत थे पिवळं टाकून पाय. आन मंग तुह्या हातच्या."

मी टाकलं. त्यांनी पालथी ठेवलेली नळी पिवळीच राहिली. माझी हिरवी झाली.

"तू काय करतं नळीले?"

"काही नाही. ओली असली तर पुसते."

"कायनं?"

मी ओढणीकडे पाहिलं. त्या आठवड्यात रोज सकाळी भीमपूरला आमच्या शेतात पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, डीएपी खत टाकून मी थेट बस धरत होते. खत घ्यायला ओटी केली होती ती याच ओढणीची. आणि डीएपीत फॉस्फेटच तर असतं.

मावशी हसल्या. "काऊन वं, शिकून राह्यली का पेरून राह्यली?"

मला हसू येईना. अन्यायावर बोलताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती. या वेळी तो माझ्याच हातून झाला होता. दोन्ही नळ्या आणि मावशींना घेऊन मी सरांच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं.

"आधीच्या दोन्ही वेळच्या कोऱ्या नळ्याही?"

"मीच पुसलेल्या, सर."

सरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. मग मावशींना म्हणाले, "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, अम्मा. उद्या या कामावर."

"उद्या अयतवार हाय, सुट्टीचा," मावशी म्हणाल्या.