अर्धी जुनी, अर्धी नवी

कॅन धुता धुता आक्का मध्येच थांबायची, दुधाच्या थंड टाकीला कपाळ टेकवायची आणि एक हात वर करून म्हणायची, "थांबा भाऊ. जाऊ द्या हिला."

पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं. एखादी म्हैस आत शिरली असेल असं वाटलं. मागे कोणीच नव्हतं. 'ही' म्हणजे तिच्या छातीतली धडधड. ती आली की आक्का तिला वाट करून द्यायची, आणि गेली की पुन्हा कॅन घासायला लागायची.

आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव. केंद्रावरची झाडलोट, चहा, कॅन धुणं आक्काकडं. आधी ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. नवरा वारला आणि तिची झोप उडाली, जेवण सुटलं. तिच्या भावानं तिला अंबाजोगाईला डॉक्टरांकडं नेऊन गोळी सुरू केली. गोळीनं झोप आली, पण बाकीचंही सगळं झोपलं. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. विचारलं तर उत्तर देतं, हसायच्या जागी हसतं, आणि तिथं नसतं.

तसं त्या काळात तिथं होतं तरी कोण? पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी चुकला होता. जनावरं बाजारात निघाली होती, दूध आटत चाललं होतं, आणि माणसं एकमेकांना 'बरंय' म्हणून पुढं जात होती. मलाही काही वाटेनासं झालं होतं, आणि तेही गोळी न घेता.

त्या उन्हाळ्यात आक्काची आई गेली. आक्का रडली नाही. बायकांनी नावं ठेवली, सख्ख्या लेकीच्या डोळ्यात टिपूस नाही म्हणाल्या.

"बरुबरच म्हंतेत त्या," ती मला म्हणाली. "माय गेली, हे मला नुसतं कळलं, भाऊ. वाटलं काईच न्हाई."

मग एक दिवस ती एकटीच एसटीनं अंबाजोगाईला गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "मला रडू पायजे." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं, हे ती कौतुकानं सांगायची. गोळी बदलायचं ठरलं. जुनी हळूहळू कमी करायची, नवी हळूहळू वाढवायची. मधले आठवडे त्रासाचे जातील, पण आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, आणि फारच जड गेलं तर तडक निघून यायचं.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. आक्का चहाच्या वेळी गोळ्यांचे दोन तुकडे तळहातावर घेऊन मला दाखवायची. "अर्धी जुनी, अर्धी नवी. झाला का न्हाई एक कोयता?" मी हसायचो.

मधले आठवडे खरंच वाईट गेले. मान वळवली की तिच्या डोक्यात करंट मारल्यासारखं व्हायचं. झाकण पडलं तरी ती दचकायची. "कावून भेव वाटायलंय ते कळंना," ती म्हणायची. "पण वाटायलंय तं खरं." याचंच तिला समाधान.

दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम केंद्रावर आला. आक्काची जाऊ बाळंतीण होती, म्हणून दिराच्या जोडीला आक्कानं जायचं, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"वैनी, बोचकं बांधा. तुमी अर्धा, दीर अर्धा."

"औंदा न्हाई. माजी गोळी बदलायलीय."

"कसली गोळी?"

आमच्याकडं बीपीची गोळी माणूस चारचौघांत मिरवतो. ही मात्र उशीखाली राहते. दूध घालायला आलेली माणसं ऐकत उभी होती. आक्कानं पदराला हात पुसले. "मनाची. ती बदलून झाल्याबिगर मी दवाखाना सोडून लांब जायची न्हाई."

मुकादम चहा न घेताच गेला. दिरानं बोलणं टाकलं. मला मात्र तिचा अभिमान वाटला. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी वाटलं होतं.

टोळ्या गेल्या, गाव ओस पडलं. दूध इतकं घटलं की संस्थेनं केंद्रच बंद करायचं ठरवलं. त्यानंतर आक्का बहिणीकडं पालीला राहायला गेली आणि पुन्हा आमची गाठ पडली नाही. त्यामुळं केंद्राचा शेवटचा दिवसच माझ्या लक्षात राहिलाय.

त्या दिवशी तिनं सगळे कॅन धुऊन पालथे घातले, पायरीवर टेकली आणि एकाएकी हंबरडा फोडला. "माय गं!"

समोर पाण्याच्या टँकरची वाट पाहत बसलेल्या बायका हंडे घेऊनच धावत आल्या. "काय झालं? कोण गेलं गं?"

"माजी माय."

"अगं, ती तं उन्हाळ्यातच गेली की."

"न्हाई," आक्का म्हणाली. "आज गेली."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एका म्हातारीनं हंडा खाली ठेवला, आक्काच्या शेजारी बसकण मारली, तिचं डोकं छातीशी धरलं आणि तीही सूर काढून रडायला लागली. एकेक करत बाकीच्याही बसल्या. तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, पण उठायला कोणी तयार नव्हतं.