पोपट सोलणारे व्याही

मी पोपट सोलतो, ही गोष्ट मुलाच्या सासरी लग्नाआधी कळायला नको होती.

घाबरू नका. हिवाळ्यात आमच्या पुसदला पोपट म्हटलं की कोणी झाडाकडे पाहत नाही, ताटाकडे पाहतं. बाकीचे लोक ज्यांना वालाच्या शेंगा म्हणतात ते आमचे पोपट. हिरवेगार, जरासे बाकदार, टोकाला इवलीशी चोचसुद्धा! आणि गेल्या हिवाळ्यात ते चक्क माझ्या वेलाला लागले होते. तेहतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. 'काळी मृदा ओलावा धरून ठेवते' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! ती चप्पलसुद्धा धरून ठेवते, हे मात्र निवृत्तीनंतर तिच्यात उतरल्यावर कळलं.

झालं असं, की शेजारच्या राठोडकाकांचा प्लॉट रिकामा पडला होता. त्यांनी त्याचे तुकडे पाडले आणि गल्लीतल्या आम्हा चार रिकामटेकड्यांना भाजीपाल्यासाठी दिले. पहिल्याच महिन्यात माझी कंबर गेली. मेथी बकऱ्यांनी खाल्ली. ज्याला मी कोथिंबीर समजून रोज पाणी घालत होतो ते गाजरगवत निघालं. (चांगलं तरारलं होतं हो!) माझी बायको सुमन बोरी अरबच्या शेतकऱ्याची लेक. ती कुंपणाशी उभी राहून हे सगळं बघायची.

"अवो, बजारात भाजी भेटते ना! या वयात मातीत कायले लोळून राह्यले?"

"हौस हाये माही!"

"हौस बकऱ्याइची फिटून राह्यली."

आणि मग पोपटाच्या वेलांनी माझी लाज राखली. काकांनी दिलेलं मूठभर बी असं फोफावलं, की शेंगांच्या भारानं मांडव वाकला. मी रोज पिशव्या भरून गल्लीत वाटत सुटलो. नंतर नंतर मला येताना पाहून लोक दारं लावून घेऊ लागले, पण मी खिडकीतून देत असे.

नेमक्या याच दिवसांत आमच्या निखिलनं पुण्यातली केतकी नावाची मुलगी पसंत केली आणि तिच्या आईचा पहिला फोन आला. निखिल एकुलता एक. हे जमावं म्हणून सुमननं देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. "पुण्याचे लोकं हायेत, नीट बोलजा," असं तिनं चारदा बजावलं. मीही भाषेला इस्त्री केली. 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. पोपटाचं वाल करायला तेवढं विसरलो!

"मग दिवसभर काय करता, सर?" त्यांनी विचारलं.

"पोपट!" मी उत्साहानं म्हणालो. "रोज सकाळी जातो आणि हाताला लागतील तेवढे तोडतो."

"तोडता?"

"तोडावेच लागतात हो! नाही तर निबर होतात, मग दातांखाली येत नाहीत."

पलीकडून एक हुंदका आला. मला वाटलं, बाई भारावल्या.

"अगदी कोवळे असले तर सोलायचीही गरज नाही. मुंडी मोडायची, शिरा ओढायच्या आणि अख्खे कढईत! तुम्ही या एकदा, तुमच्या हातानं तोडायला देतो."

फोन कट झाला. मी नेटवर्कला नावं ठेवली.

अर्ध्या तासात निखिलचा फोन. "बाबा, काय बोलले तुमी? केतकीची आई रडून राह्यली! त्यांच्या गॅलरीत रोज पोपट येतात, काकू त्यायले डाळिंबाचे दाणे घालतात. नावं ठेवलीत एकेकाची!"

सुमननं कपाळावर हात मारला. "पोपट म्हंजे शेंगा, हे त्यायले सांगतलं का तुमी?"

नव्हतं सांगितलं. निखिलनं मग सांगून पाहिलं, पण तो वडिलांवर पांघरूण घालतोय असं त्यांना वाटलं. (शाकाहारी माणसं, संशय वाढत गेला.) तेव्हा मी ठरवलं की पुरावाच पाठवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ काढायला मोबाइल राठोडकाकांच्या हातात दिला आणि मांडवासमोर ताठ उभा राहिलो.

"नमस्कार ताई. आपला थोडा गैरसमज झाला आहे. हे बघा आमचे पोपट..."

आणि वरून खऱ्या पोपटांचा थवा मांडवावर उतरला! दहा-पंधरा तरी असतील. माझ्या डोळ्यांदेखत शेंगा फोडू लागले. मी ताई विसरलो, पुणं विसरलो. मांडवाच्या खांबाला अडकवलेली गोफण घेतली, गरगर फिरवली आणि बोंबललो, "हाऽऽड! थांब, तुही मुंडीच मोडतो!"

गोफणीतला गोटा पोपटांना लागला नाही. तो काकांच्या पाण्याच्या टाकीला लागला.

"काका, हे पुसून टाका बरं! दुसरं काढू."

"पाठोलं ना, सर!" काका म्हणाले. "मस्त आलं."

त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्या शेंगांपायी पोराचं लग्न मोडतंय, या विचारानं घास उतरेना. संध्याकाळी निखिलचा निरोप आला. केतकीचे आई-वडील रविवारी येतायत. आधी डोळ्यांनी पाहणार, मग ठरवणार.

रविवारी बाई गाडीतून उतरल्या त्या चहालाही थांबल्या नाहीत. "आधी पोपट दाखवा," म्हणाल्या. मी पुढे, त्या मागे, त्यांच्या मागे केतकीचे वडील आणि सगळी गल्ली. मी मांडवाकडे बोट केलं. त्यांनी पानं बाजूला सारली आणि एक शेंग हातात घेतली.

"हे?"

"हेच."

"मुंडी?"

मी टोक मोडलं.

"शिरा?"

मी शीर ओढली. बाई मटकन बांधावर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि टोपलीभर पोपट स्वतः तोडले.

दुपारी सुमननं पोपटाचे दाणे घालून वांग्याची भाजी केली, सोबत ज्वारीची भाकर. बाईंनी तीनदा भाजी घेतली. "हे खरंच तुम्ही पिकवलंत, सर?" त्यांनी विचारलं. इतक्या अभिमानानं मी आयुष्यात कधी 'हो' म्हटलं नव्हतं. कंबरेसकट सगळं वसूल झालं.

"लग्नाला आमचा होकार आहे," त्या म्हणाल्या. "पण एक अट. कडेचा एक वेल खऱ्या पोपटांना सोडायचा. आणि ती गोफण बंद."

मी तिथल्या तिथे गोफण सुमनच्या हातात दिली. (ती तिनं अजून परत दिलेली नाही.)

लग्न पुसदलाच झालं. वऱ्हाडी मंडळी गाडीतून उतरून नवरदेव ओलांडून थेट माझ्याकडे येत होती. तो व्हिडिओ पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचला होता! "हेच का ते? जरा हात गरगर फिरवून दाखवा ना!"

यंदा वेलाला पोपट किती झाले ते सांगता येणार नाही. आमच्या घरात मात्र एकच झाला, आणि तो फेटा बांधून, मांडवाच्या दारात सगळ्यांना हात जोडत उभा होता.