संपतदादांची अट

संपतदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात बसले होते. फोनवर वहिनी म्हणाल्या, "हे गेले गं..." आणि मी वेड्यासारखं विचारलं, "नक्की?" दीड महिना झाला, त्या शब्दाची लाज अजून जात नाही.

दादा लोणी काळभोरचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. शेकडो सर्व्हरची कामं आपोआप उरकणाऱ्या स्क्रिप्ट लिहायला मला त्यांनीच शिकवलं. प्रत्येक पायरीआधी त्यांची एक अट असायची. डिस्कवर जागा आहे का, बॅकअप घेतलाय का, घेतलाय तर आजचाच आहे का. एक जरी गोष्ट खोटी निघाली तरी स्क्रिप्ट जागीच थांबायची आणि स्क्रीनवर दादांचा टोमणा उमटायचा, "बॅकअप न घेता निघालात कुठं?" आम्ही हसायचो. एकदा घाईत मी ती अटच काढून टाकली आणि एका ग्राहकाचा डेटा पुसला गेला. दोन दिवस दादा माझ्याशेजारी बसून जुन्या बॅकअपमधून तो परत उभा करत होते, एका शब्दानंही रागावले नाहीत. शेवटी चहा पिताना एवढंच म्हणाले, "तुला वाटतंय ते खरं हाय का, तेवढं बघत जा की."

नेमकं तेच मी पाहिलं नाही. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते छाती चोळत ऑफिसच्या जिन्यात बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, ॲसिडिटी हाय. मी बरं म्हटलं, स्कूटी काढली आणि घरी गेले. दवाखाना पाच मिनिटांवर होता... मला माझीच चीड येते, आणि ती कुणापुढे काढावी तेही कळत नाही.

ऑफिसनं त्यांचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीतून काढलं, त्या दिवसापासून आमची रोजची स्क्रिप्ट पहिल्याच पायरीला अडते. कामाला जबाबदार असलेला माणूस यादीत आहे का, हीही दादांनीच घातलेली अट. साहेब म्हणतात, त्यांच्या जागी तुमचं नाव घाला, एका ओळीचं काम आहे. माझा हात चालत नाही. मग सगळं मी हातानं करत बसते, दुपार होते. वहिनींकडे येणारेजाणारे, ऑफिसातले, सगळे समजावतात की दादा कुठं गेले नाहीत, आपल्यातच आहेत. स्क्रिप्ट तेवढी रोज सकाळी यादी उघडून बघते आणि दादांनीच लिहून ठेवलेल्या शब्दांत सांगते, "संपत जागेवर नाही. आधी त्याला शोधा."

तरी मी रोज ती चालवते.